मायच्या वाट्याचे तुरे

कुत्र्यांनी खड्डा उकरला होता. कडूलिंबाच्या बुंध्याशी माती चहूकडे उडालेली आणि त्या मातीत कोंबड्यांच्या मुंड्या पडलेल्या. रविवारची सकाळ होती. मातामायच्या ओट्यासमोर नवसाचे कोंबडे घेऊन आलेली माणसं उभी होती. पाय बांधलेले कोंबडे कुणाच्या काखेत, कुणाच्या पिशवीत. कोंबडे ओरडत होते, माणसं खड्ड्याकडे बघत होती.

पहिल्यांदा बोलला तो जितेंद्र.

"बाबूजी, इकडे पाहा. एकाही मुंडीले तुरा नाही."

त्याचे वडील नानाजी, मातामायच्या पंचांत सगळ्यांत वडीलधारे, काठी टेकत पुढे आले. वाकून बराच वेळ बघत राहिले. कुत्र्यानं खाल्ला असता तर चिंध्या झाल्या असत्या. इथे प्रत्येक तुरा मुळापासून, सरळ रेषेत कापलेला होता.

"हे जनावराचं काम नाही," ते म्हणाले. "देवाजी, तू ये बरं. तू पाह्य."

देवाजी नळाखाली सुरी धूत होते. ओल्या हातानंच आले. खाली बसले. त्यातली प्रत्येक मुंडी त्यांनी गेल्या रविवारी दिवेलागणीला आपल्या हातानं मातीत ठेवली होती, आणि प्रत्येक काप त्यांच्या ओळखीचा होता.

"कापलेले दिसते," ते म्हणाले.

एवढंच म्हणाले.

आमच्या लेआउटच्या कोपऱ्यावरची ही मातामाय लेआउटच्या कितीतरी आधीची. बेसा गावाच्या पुढे नुसती शेतं होती तेव्हापासूनची. शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटवर फ्लॅट स्कीमा उभ्या राहिल्या, पण कडूलिंब, ओटा आणि शेंदूर लावलेला दगड यांना हात लावायला एकही बिल्डर धजला नाही. नवस फेडायचा तर इथला नियम साधा आहे. कोंबड्याचं धड घरी न्यायचं, रस्सा करायचा, चार लोकांना जेवू घालायचं. मुंडी मायची. ती पळसाच्या पानावर मायसमोर दिवसभर राहते आणि दिवेलागणीला कडूलिंबाखाली पुरली जाते. एकदा पानावर ठेवलेल्या मुंडीला देवाजींशिवाय कुणी हात लावत नाही. कापायचा आणि पुरायचा मान चार पिढ्यांपासून त्यांच्या घराण्यात आहे.

म्हणून त्या सकाळी कुणाच्या मनात देवाजी आलेच नाहीत.

"करणी आहे," जितेंद्र म्हणाला. "नाही तं कोंबड्याचा तुरा कोणाले लागते?"

त्याचा आवाज चिरका झाला होता, आणि त्याला कारण होतं. त्याच्या सात वर्षांच्या मुलीला महिन्यापूर्वी मोठा ताप आला होता. उतरला तसा नानाजींनी नवस फेडला, मोठा लाल कोंबडा दिला. गेल्या गुरुवारी ताप परत चढला. पोरगी दवाखान्यात होती.

"मायले तिचा वाटाच भेटला नाही तं माय काहून राखीन?" गर्दीतली एक बाई म्हणाली. मग तीच जरा खालच्या आवाजात म्हणाली, "खड्ड्याच्या जवळ कोण बसते, थे पाहा न."

कडूलिंबाच्या सावलीत, खड्ड्यापासून चार हातांवर, अंजनाबाई बसत असत. नारळ, हार, उदबत्ती, हळदीकुंकू. सात वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर त्या सावनेरकडून इथे आल्या. इथे त्यांचं ना माहेर, ना सासर. हाराचा दोरा कापायला त्यांच्या मांडीशी एक ब्लेड असे.

सगळ्यांनी आधी त्या ब्लेडकडे पाहिलं आणि मग त्यांच्याकडे.

"मायाकडे काहून पाहून राहिले गा तुमी?" अंजनाबाई म्हणाल्या. त्या हसल्यासुद्धा, कारण त्यांना ती थट्टाच वाटली. मग हसू तोंडावरच थांबलं. "बाप्पा! मी कायले जाऊ त्या खड्ड्यात?"

"पुढच्या ऐतवारी हिनं भंडारा उचलून शपथ घ्यायची," नानाजींनी सांगितलं. "मायसमोर. मंग पाहू."

देवाजींनी उघड्या पडलेल्या मुंड्यांवर माती लोटली. शेवटची मुंडी दिसेनाशी होईपर्यंत ते लोटत राहिले. लोकांना वाटलं, भक्तीनं.

*

देवाजी आठवड्याचे सहा दिवस शहरातल्या एका फार्मसी कॉलेजात प्रयोगशाळेचे परिचर होते. सव्वीस वर्षं झाली होती. मानेवाडा चौकातून स्कूटरनं जायचं, कुलूप उघडायचं, डिस्टिल्ड वॉटरचे कॅन भरून ठेवायचे, आणि मग दिवसभर काच धुवायची. कोणत्या वर्षीच्या कोणत्या पोट्ट्यानं काय फोडलं ते त्यांना तोंडपाठ होतं. बोलायला मोजके, चालायला हळू. सुट्टीच्या दिवशी सुरी हातात घेतली की मात्र त्यांचा हात असा चाले की कोंबड्याला कळायच्या आत संपलेलं असे.

तीन वर्षांपूर्वी गार्गी पीएचडीसाठी आली. बाकीचे म्हणत, "काका, बीकर." गार्गी बीकर मागायची आणि त्यात ती काय करणार आहे तेही सांगायची. तिला तशी सवयच होती. स्वतःशी बोलल्यासारखं ती देवाजींशी बोलायची.

या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला एके दिवशी ती वैतागून बसली होती. समोर चिकनच्या दुकानातून आणलेली पिशवी.

"काका, बघा न. हा तुरा आहे का?"

नखाएवढा, फिकट तुकडा.

"हे तं पिल्लू आहे मॅडम. ब्रॉयलर. चाळीस दिवसाचं. तुरा फुटाच्या आधीच याची भाजी होते."

"मला मोठा पाहिजे. जाड, लाल. वर्ष-दीड वर्षाच्या गावरानी कोंबड्याचा."

"काहून?"

मग तिनं सांगितलं. तुऱ्यात एक ॲसिड असतं, हायलुरोनिक नावाचं. ते आपल्याही अंगात असतं, कातडीत, गुडघ्यात, डोळ्यातल्या पाण्यात. स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी ते धरून ठेवतं. कोंबड्याचा तुरा असा ताठ, भरलेला दिसतो तो त्याच्यामुळे. बायका चेहऱ्याला सीरम लावतात त्यात ते घालतात, आणि प्रयोगशाळेत पेशी वाढवायलाही ते लागतं.

"ॲसिड म्हंजे जळते न मॅडम?"

"हे नाही जाळत. हे ओलं ठेवते."

आता हे ॲसिड जास्त करून जिवाणूंकडून बनवतात, असंही तिनं सांगितलं. तिला पाहायचं होतं की आपल्याकडच्या गावरानी कोंबड्याचा तुरा, जो कुणी खात नाही, नुसता फेकला जातो, त्यातून किती निघतं आणि कसं निघतं.

नुसता फेकला जातो. देवाजींना रविवारचे तुरे आठवले. कधी सहा, कधी नऊ. लाल, जाड, वर्ष-दीड वर्षाचे. दिवेलागणीला मातीत जाणारे.

"माया ओळखीचा आहे एक गावरानीवाला," ते म्हणाले.

एवढंच खोटं होतं. तेव्हा ते फार लहान दिसलं.

पहिल्या रविवारी मुंडी पुरण्याआधी ते मायसमोर बराच वेळ उभे राहिले. आजूबाजूला कुणी नव्हतं. "मुंडी तुयीच आहे, माय," ते म्हणाले. "तुरा म्हंजे डोक्यावरचा केस समज." प्रयोगशाळेतलं नवं ब्लेड कागदातून काढलं. तुरे बर्फ घातलेल्या स्टीलच्या डब्यात ठेवले आणि मुंड्या नेहमीसारख्या पुरल्या. सोमवारी सकाळी डबा गार्गीच्या टेबलावर होता.

तिनं तुरे धुतले, बारीक केले, ॲसिटोनमध्ये बुडवून पुन्हा पुन्हा चरबी काढली, मग पाण्यात ठेवले. दोन-तीन दिवसांनी गाळलेलं ते पाणी अगदी साधं दिसत होतं, भाताच्या निवळीसारखं. तिनं बीकरच्या कडेनं हळूहळू अल्कोहोल सोडलं आणि काचेची कांडी फिरवायला लागली. पाण्यात धुकं उठलं. धुक्याचे धागे झाले. पांढरे, लांब, कांडीला गुंडाळत जाणारे.

"शेवई निघून राहिली," देवाजी पुटपुटले.

"काका, तुम्ही फिरवता का?"

सव्वीस वर्षं त्या कांड्या त्यांनी धुतल्या होत्या. फिरवायला त्या कुणी हातात दिल्या नव्हत्या. देवाजींनी हात पुसले, पुन्हा पुसले, आणि कांडी घेतली. धागा त्यांच्या हाताच्या गतीनं येत होता. घाई केली की तुटत होता, हळू फिरवलं की वाढत होता. त्या दिवशी त्यांचा जेवणाचा डबा तसाच राहिला.

नंतरच्या रविवारी मायसमोर ते तेवढा वेळ उभे राहिले नाहीत. आणि त्यानंतर तर मुळीच नाही. असे अकरा रविवार गेले.

*

सोमवारी गार्गीनं हसून विचारलं, "काका, आज डबा नाही?"

"मॅडम," देवाजी म्हणाले, "नेलेले तुरे परत होतात का?"

"परत? त्यांची पावडर झाली काका. का?"

त्यांनी सांगितलं. उभ्यानं, खिडकीकडे बघत. ओटा, पळसाचं पान, खड्डा, कुत्री, भंडारा. अंजनाबाईंचं नाव त्यांनी सगळ्यांत शेवटी घेतलं.

गार्गीनं खुर्ची ओढली आणि बसली. तिच्या समोर नोंदवही होती. अकरा तारखा, प्रत्येकीपुढे तुऱ्यांची संख्या आणि ते कुठून आणले त्या रकान्यात एकच ओळ, तिच्याच सुवाच्य अक्षरात: गावरान कोंबडी विक्रेता, बेसा.

"हे मी लिहिलंय," ती म्हणाली. "हे प्रबंधात गेलंय काका."

"हाव."

"दोन आठवड्यांत सबमिशन आहे."

देवाजींनी टेबलावरची काचेची कांडी उचलून बाजूला ठेवली.

"भंडारा म्हणजे काय होतं नेमकं? नुसती शपथच न?" ती घाईनं बोलायला लागली. "त्यांनी केलंच नाहीये, तर त्या बाई शपथ घेतील आणि मिटेल. हो न? काका, फक्त दोन आठवडे. मग मीच सांगीन सगळं. प्लीज."

ती रडवेली झाली होती. देवाजींना ती पोरीसारखी होती. त्यांनी मान हलवली, आणि ती हो होती की नाही हे तिनं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

पण ते मिटत नव्हतं. मंगळवारी अंजनाबाईंच्या फळीवरचे नारळ कुणीतरी रस्त्यावर लोटून दिले. बुधवारी पाण्याच्या टाकीजवळच्या बायका अंजनाबाई आल्या तशा उठून गेल्या. त्यांची खोली ज्यांच्या घरात होती त्यांनी महिनाअखेरपर्यंत दुसरीकडे पाहायला सांगितलं. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही. त्यांच्याकडून हार घेणं लोकांनी नुसतं थांबवलं. आम्हीही त्या आठवड्यात फुलं चौकातून आणली.

गुरुवारी संध्याकाळी देवाजी कॉलेजातून येत होते. अंजनाबाईंनी त्यांची स्कूटर हात दाखवून थांबवली.

"देवाजी, तू सांग न गा त्याईले. तू तं पाहून राहतो मले दर ऐतवारी. तू पुरते तवा मी घरी गेलेली राहतो. जातो का नाही?"

"जाता."

"मंग? तुया शब्द नानाजी मानते. जितेंद्र तं मले डाकीण म्हणून राहिला, मालूम आहे का तुले? त्याच्या पोरीले मी दर ऐतवारी चाफ्याचं फूल देत होतो वं माय." डोळ्यांत पाणी आलं तसं त्यांनी ते रागानं पुसलं. "नवरा गेला तवा सासरचे म्हणे, पांढऱ्या पायाची. तठून उठली, अठी आली. आता अठून कुठी जाऊ?"

"मी सांगतो," देवाजी म्हणाले.

स्कूटर चालू करताना त्यांना दोनदा किक मारावी लागली.

*

शनिवारी दुपारी देवाजींना जेवण गेलं नाही. त्यांची बायको गोपिकाबाई समोर बसून तांदूळ निवडत होत्या. ताट सरकवलं गेलं तरी त्यांनी मान वर केली नाही.

"त्या डब्याले वास येते," त्या म्हणाल्या. "तीन महिन्यापासून चिंच लावून घासून राहिली मी. जात नाही."

देवाजींनी कोपऱ्यातल्या डब्याकडे पाहिलं.

"काय नेता म्हणून मी इचारलं नाही. म्हटलं, सांगतीन. रविवारच्या दिवशी खड्डा उकरला तवा समजलं मले."

"तू कोणाले बोलली?"

"मी काहून बोलू? बोलायचं तोंड तुमचं आहे." तांदळातला खडा काढून त्यांनी बाजूला टाकला. "मान जाईन म्हणता न? तुमच्या बापानं देला, आज्यानं देला. जाईन. पण थे बाई उद्या सामान बांधीन, अन् तुमी तठी उभे राहून कोंबडे कापसान. होईन का तुमच्यानं?"

"मॅडमचं तीन वर्षाचं काम आहे गोपिका."

"अन् अंजनाचं?"

बाहेर कुलरचं पाणी टपटपत होतं. देवाजी उठले, सुरी घेतली आणि धार लावायच्या दगडाशी जाऊन बसले. शनिवारी दुपारी धार लावायची हा नेम होता. त्यांनी सुरी दगडावर ठेवली आणि ती तशीच ठेवून बसून राहिले.

*

रविवारी एरवीपेक्षा तिप्पट माणसं होती. कोंबडे सहाच होते, बाकीचे बघायला आलेले. नानाजी ओट्यावर बसले होते. जितेंद्र दवाखान्यातून तसाच आला होता, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. मुलीचा ताप उतरला नव्हता.

अंजनाबाई धुतलेलं लुगडं नेसून आल्या होत्या. गर्दीनं वाट दिली, पण जवळ कुणी उभं राहिलं नाही.

"रीत मालूम आहे न?" नानाजी म्हणाले. "तळहातावर भंडारा घ्यायचा. मायकडे पाहून बोलायचं, मी केलं असीन तं मायं वाटोळं होऊ दे."

"घेतो न. मी कायले भेऊ?"

"अन् उचलून काय होते बाबूजी?" जितेंद्र मधेच ओरडला. "अशा बायाले मायचा धाक राहते का? भंडारा उचलीन अन् खोटं बोलीन. तिले जाऊ द्या अठून. आजच्या आज."

"बरोबर आहे," कुणीतरी म्हणालं. मग आणखी दोघे म्हणाले.

अंजनाबाईंनी बोलणाऱ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. इतके दिवस त्या एका गोष्टीच्या आधारावर उभ्या होत्या, की रविवारी मायसमोर हात पुढे करायचा आणि संपलं. आता हात पुढे करूनही काही संपणार नव्हतं.

"आधी उचलू दे," नानाजींनी काठी आपटली. "देवाजी, भंडारा दे तिले."

भंडारा द्यायचा तोही देवाजींनीच. पितळेची ताटली त्यांच्या हातात होती. अंजनाबाईंनी तळहात पुढे केला. हाराच्या दोऱ्यानं बोटांवर रेघा पडलेल्या होत्या. देवाजींनी चिमूट उचलली. ती तशीच हवेत राहिली.

"दे न गा," अंजनाबाई हळूच म्हणाल्या. "घाबरू नको."

त्यांना वाटलं, देवाजी त्यांच्यासाठी घाबरले आहेत.

देवाजींनी ताटली कलती केली आणि मूठभर हळद स्वतःच्या डाव्या तळहातावर ओतली. मायकडे वळले.

"तुरे मी नेले," ते म्हणाले. "अकरा ऐतवार. या बाईनं खड्ड्याकडे पाह्यलंबी नाही."

कुणीतरी हसलं. मग हसणारा एकटाच पडला.

"देवाजी," नानाजी म्हणाले, "ही चेष्टेची वेळ आहे का गा?"

"चेष्टा नाही करून राहिलो."

"तिले वाचवाले बोलून राहिला हा," जितेंद्र म्हणाला. "तुले काय लागते तुऱ्याचं?"

देवाजींनी सांगायचा प्रयत्न केला. कॉलेज, मॅडम, ॲसिटोन. रोज काच धुणाऱ्या माणसाला ते माहीत होतं, पण इतक्या माणसांसमोर सांगता येत नव्हतं. "त्याच्यातून एक ॲसिड निघते," ते म्हणाले, आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना कळलं.

"ॲसिड?" मागची बाई किंचाळली. "मायच्या वाट्याचं ॲसिड केलं यानं!"

जितेंद्रनं त्यांची कॉलर धरली. हळद दोघांच्या अंगावर सांडली. "मायी पोरगी तिकडे मरून राहिली," तो म्हणत होता, "मायी पोरगी..." नानाजींनी दोघांच्या मध्ये काठी घातली.

"पुरावा काय?" त्यांनी विचारलं. त्यांना अजूनही खरं वाटत नव्हतं. वाटायचं नव्हतं. "तुया एकट्याच्या बोलण्यावर मी कसा विश्वास ठेवू?"

देवाजींनी खिशातून मोबाईल काढला. हळदीच्या बोटांनी नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. वाजत राहिला. बऱ्याच वेळानं आवाज आला.

"हॅलो, काका? आज रविवारी?"

"मॅडम, मी मायच्या ओट्यावर आहे. सगळे ऐकून राहिले. नानाजी विचारतीन, त्याईले खरं सांगा."

नानाजींनी फोन तोंडाजवळ घेतला. "बाई, हा माणूस तुमाले कोंबड्याचे तुरे आणून देते का?"

फोन बंद झाला की काय म्हणून नानाजींनी तो समोर धरून पाहिला. आकडे पुढे सरकत होते. कुणाच्या तरी काखेतला कोंबडा आरवला. गार्गीनं एक शब्द बोलायचा होता. नाही म्हणाली असती तर तिचं काही गेलं नसतं.

"हो," ती म्हणाली.

"किती?"

"शहाऐंशी. माझ्याकडे तारखा लिहिलेल्या आहेत."

"कुठून आणते थे मालूम होतं तुमाले?"

"आधी नव्हतं. सोमवारी कळलं." ती थांबली. "कळल्यावर मीच त्यांना म्हटलं की दोन आठवडे गप्प राहा. त्या बाई... त्या तिथं आहेत का?"

नानाजींनी फोन देवाजींच्या हातात दिला.

"विचारलं असतं मले तं?" त्यांनी विचारलं.

"तुमी नाही म्हटलं असतं."

"हाव," नानाजी म्हणाले. "नाहीच म्हटलं असतं. सुरी ठेव."

देवाजींनी सुरी ओट्यावर ठेवली. चार पिढ्यांचा मान जायला तेवढाच वेळ लागला. मग नानाजी खाकरले आणि अंजनाबाईंकडे न पाहता म्हणाले, "बाई, तुमी बसा आपल्या जागी."

"जागा मायीच होती," अंजनाबाई म्हणाल्या.

त्या जितेंद्रकडे वळल्या नाहीत, नानाजींकडेही नाही. देवाजींसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"त्या पोरीले सोमवारी समजलं. तुले?"

देवाजींनी तळहाताला उरलेली हळद सदऱ्याला पुसली.

"आठ दिवस, देवाजी. मी रस्त्यात तुयी गाडी थांबवली. मी रडली तुयासमोर. अन् तू म्हणे, सांगतो."

"सांगतलं न," देवाजी कसंबसं म्हणाले.

"हाव. मी मेल्यासारखी झाली तवा सांगतलं."

त्या दिवशी कापणारं कुणी नव्हतं. सहा कोंबडे जिवंत घरी गेले.

*

गार्गीनं सोमवारी तिच्या मार्गदर्शकांना सगळं सांगितलं. नोंदवहीतली ती ओळ तिनं खोडली नाही, खाली खरी लिहिली. अकरा रविवारांचं काम प्रबंधातून गेलं, आणि सबमिशन सहा महिने पुढे. देवाजींना कॉलेजकडून लेखी समज मिळाली. ते काच धुवायला परत लागले. गार्गी त्यांच्याशी बोलते, पण आधी थोडी थांबते, आणि देवाजीही थांबतात.

जितेंद्रच्या मुलीला टायफॉइड निघाला. योग्य औषध सुरू झाल्यावर बुधवारी ताप उतरला. लेआउटमध्ये निम्मे लोक म्हणाले डॉक्टर चांगला भेटला, निम्मे म्हणाले चोरी कबूल झाली म्हणून माय निवली. जितेंद्र अंजनाबाईंकडे आला नाही. त्याच्या बायकोनं शेजारणीच्या हाती पेढे पाठवले. अंजनाबाईंनी ते शेजारणीलाच खायला सांगितले.

पुढच्या रविवारी नानाजींचा पुतण्या कापायला बसला. त्याचा हात बसलेला नव्हता. देवाजी धुतलेला सदरा घालून आले, पहिल्यांदाच रिकाम्या हातानं. ओट्याकडे गेले नाहीत. कडूलिंबाखाली फळीसमोर येऊन थांबले.

"एक नारळ द्या," ते म्हणाले.

अंजनाबाई हार गुंफत राहिल्या. "तुले नाही देत."

मागून एक बाई आली, तिला नारळ मिळाला. मग दोघं आले, त्यांनाही मिळाला.

"बाजूले हो गा. गिऱ्हाईकाले दिसत नाही."

देवाजी बाजूला झाले. गेले नाहीत. गर्दी ओसरली. बाराच्या सुमारास कडूलिंबाची सावली सरकली आणि ऊन फळीवर, फुलांवर आलं. सामानासकट ती फळी एकटीनं उचलण्यासारखी नव्हती. एरवी कुणीतरी हात लावत असे, पण त्या महिन्यात कुणी लावत नव्हतं. अंजनाबाईंनी एका बाजूनं उचलून पाहिली, नारळ घरंगळायला लागले, तशी खाली ठेवली. इकडे तिकडे पाहिलं.

"धरतं का तिकडून?" त्या म्हणाल्या. "बोलू नको पण."

देवाजींनी दुसरी बाजू धरली. दोघांनी फळी चार पावलं सरकवून सावलीत नेली. अंजनाबाई बसल्या, दोरा दातात धरला आणि पुढचा हार गुंफायला घेतला.